विमान येईपर्यंत थांबायचं का?

पत्र: ताई, माझी मुलगी परदेशात मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. देशाचं नाव छापू नका. गेले काही दिवस तिथे शेजारच्या देशाशी तणाव वाढलाय. आपल्या दूतावासाने सूचना काढलीय की ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी तात्पुरतं बाहेर पडावं. कॉलेज म्हणतं, वर्ग चालू आहेत, गैरहजेरी लागेल. ॲडमिशन करून देणारा एजंट म्हणतो, असं दरवर्षी होतं, काळजी करू नका. तिकिटं तिपटीने महागलीत. माझे यजमान म्हणतात, ‘युद्ध पेटलंच तर सरकार विमानं पाठवतं, सगळ्यांना आणतं. मग आत्ता घाई कशाला?’ मुलगी म्हणते, मैत्रिणी थांबल्यात, मी एकटी कशी निघू? तिचा पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी कॉलेजच्या ऑफिसात जमा आहे. मी दूतावासाला दोन मेल केले, तर ‘नोंदणी करा’ एवढंच उत्तर आलं. रात्र रात्र डोळा लागत नाही. सरकारवर किती विसंबायचं ते सांगा. – एक आई

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. उद्या सकाळी कॉलेजचं ऑफिस उघडताच तिला पासपोर्ट परत घ्यायला सांगा. आणि साधी प्रवासी विमानं उडताहेत तोवर तिला घरी बोलवा.

तुमचे यजमान म्हणतात त्यात खोटं काही नाही. सरकार आणतं. आपल्या देशाने हे काम वारंवार केलंय आणि जीव ओतून केलंय. पण त्यांनी विचारायला हवा असा एक प्रश्न राहून गेलाय: आणतं ते कुठून?

२०२२ मध्ये माझा भाचा युक्रेनमधल्या खारकीव्हला होता, तुमच्या मुलीसारखाच मेडिकलला. १५ फेब्रुवारीला कीव्हच्या आपल्या दूतावासाने सूचना काढली. तिची भाषा तुम्हाला आलेल्या सूचनेसारखीच होती: राहणं गरजेचं नसेल तर, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. आम्ही सगळ्यांनी ती वाचली. ‘विचार करावा’ म्हटलंय, म्हणजे सक्ती नाही, असा अर्थ घरात निघाला. एजंटचं म्हणणंही तेच होतं, कॉलेज ऑनलाइन वर्ग घ्यायला तयार नव्हतं, आणि तिकीट महाग होतं. २० तारखेला दुसरी, जास्त स्पष्ट सूचना आली, तेव्हा कुठे बहिणीने तिकीट काढलं. एअर इंडियाने त्या आठवड्यात तीन खास विमानं ठेवली होती: २२, २४ आणि २६ फेब्रुवारी. भाच्याला २६ ची जागा मिळाली.

२२ चं विमान गेलं आणि मुलांना घेऊन परत आलं. २४ च्या पहाटे रशियाचा हल्ला सुरू झाला, युक्रेनचं आकाश बंद झालं, आणि त्या दिवशी निघालेलं विमान अर्ध्या वाटेतून रिकामं परत फिरलं. २६ च्या विमानाचा प्रश्नच उरला नाही. त्या तारखेचं तिकीट माझ्या बहिणीच्या फोनमध्ये अजून आहे, तिने ते काढून टाकलेलं नाही.

‘विचार करावा’ या दोन शब्दांबद्दल म्हणून थोडं लांबण लावते. दूतावास दुसऱ्याच्या देशात बसलेला असतो. ‘इथे युद्ध होणार, पळा’ असं तो जाहीर लिहू शकत नाही. त्याने तसं लिहिलं तर त्या देशाशी संबंध बिघडतात, बाजारात घबराट पसरते, आणि अंदाज चुकला तर पुढच्या वेळी त्याचं कुणी ऐकत नाही. म्हणून भाषा मवाळ असते. ती वाचायची सवय आपल्याला करून घ्यावी लागते. ‘सतर्क राहा, अनावश्यक प्रवास टाळा’ ही पहिली पायरी. ‘राहणं अत्यावश्यक नसेल तर निघा’ ही दुसरी, आणि घरी परतायची खरी वेळ हीच. ‘मिळेल त्या साधनाने ताबडतोब निघा’ ही तिसरी, तोवर तिकिटं संपलेली असतात. ‘आहात तिथेच थांबा, तळघरात जा’ अशी सूचना आली की बाहेर पडण्याची वेळ गेलेली असते. तुम्ही दुसऱ्या पायरीवर आहात.

आता ‘कुठून’चं सांगते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला आणि आपली लाखाहून जास्त माणसं तिथे अडकली. त्यांना एअर इंडियाच्या शेकडो फेऱ्यांनी आणलं, ते काम आजही अभिमानाने सांगितलं जातं. पण ती विमानं मुख्यतः जॉर्डनमधल्या अम्मानहून उडाली. कुवेत ते अम्मान हा इराक ओलांडून जाणारा वाळवंटी रस्ता माणसांनी बसमधून आणि मिळेल त्या गाडीतून काटला. २०१५ मध्ये येमेनमध्ये ‘ऑपरेशन राहत’ झालं. नौदलाने एडन आणि होदेदा बंदरांतून माणसं उचलली, समुद्रापलीकडे जिबूतीला नेली आणि तिथून विमानात बसवलं. २०२३ मध्ये सुदानमध्ये ‘ऑपरेशन कावेरी’ झालं, तेव्हा लढाई खार्तूमला पेटली होती आणि नौदलाचं जहाज पोर्ट सुदानला लागलं होतं. मध्ये सुमारे ८०० किलोमीटरचा रस्ता, जागोजाग नाकी, डिझेलची टंचाई. पोर्ट सुदानहून जेद्दा, जेद्दाहून भारत. २०२५ च्या जूनमध्ये इराणमधल्या मुलांची पहिली तुकडी आधी रस्त्याने आर्मेनियात गेली आणि तिथून विमानाने आली. युक्रेनच्या ‘ऑपरेशन गंगा’ची विमानंही युक्रेनमधून उडालेली नाहीत. ती रुमानिया, हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हाकियातून उडाली.

अपवाद आहेत. येमेनमध्ये रोज ठरावीक तासांची मुभा मिळवून साना विमानतळावरून आपली विमानं उडाली. सुदानमध्ये खार्तूमच्या उत्तरेला वादी सय्यिदनाच्या खराब धावपट्टीवर हवाई दलाचं सी-१३० विमान रात्रीच्या अंधारात, दिवे नसताना उतरलं आणि शंभराहून जास्त माणसांना घेऊन आलं. त्या वैमानिकांपुढे मी हात जोडते. पण आपलं मूल अशाच विमानात असेल असं धरून कुणी बेत आखू नये.

विमान थेट का येत नाही, हे तुमच्या यजमानांना समजावून सांगा. आकाश त्या देशाचं असतं. तो बंद म्हणाला की बंद. उघडं असलं तरी क्षेपणास्त्रांच्या वाटेवर प्रवासी विमान नेण्याचा विमा कुणी देत नाही. लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलून काही तासांची वाट मोकळी करून घ्यावी लागते, आणि ते बोलणं दिल्लीत कितीही वर चाललं तरी नाक्यावरच्या बंदूकधाऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. युक्रेनमधल्या सुमी शहरातली सुमारे ७०० भारतीय मुलं युद्ध सुरू झाल्यावर बारा दिवस तिथेच अडकून होती. बर्फ वितळवून पाणी पीत होती. आधल्या दिवशी बसमध्ये बसवून परत उतरवलं होतं. ८ मार्चला वाट मिळाली तेव्हा ती पोल्टाव्हाला निघाली. त्यांच्यासाठी कुणी प्रयत्न करत नव्हतं असं नाही. प्रयत्न करणाऱ्यांच्या हातात रस्ता नव्हता.

दूतावासाच्या हातात काय असतं, हेही बघा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या नागरिकांना साहाय्य करणं हे वाणिज्य दूतांचं काम आहे. कुणाला अटक झाली तर दूतावासाला कळवावं, अशी मागणी करण्याचा त्याला हक्क आहे, आणि अधिकाऱ्यांना त्याला भेटता आलं पाहिजे. पण तिथल्या पोलिसांना, कॉलेजला, विमानतळाला हुकूम देण्याचा अधिकार कुठल्याच दूतावासाला नसतो. माणसंही मोजकीच. युक्रेनमध्ये सुमारे २० हजार भारतीय होते आणि त्यांच्यासाठी एक छोटं कार्यालय. शेवटी तेही कीव्हमधून लव्हीव्हला आणि मग काही काळ वॉर्साला हलवावं लागलं. तुमचा मेल ज्या माणसाने वाचला, त्याच्या पुढ्यात तसे शेकडो मेल असणार. ‘नोंदणी करा’ हे उत्तर तुम्हाला कोरडं वाटलं, पण त्यात टाळाटाळ नाही. त्याला आत्ता तुमच्याकडून हवी असलेली एकच गोष्ट ती आहे.

नोंदणीच्या त्या यादीबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. २०२२ मध्ये दहा-बारा दिवस मी पालकांच्या एका गटासाठी फोनवर बसले होते. कागद, पेन, दोन चार्जर. एका मुलीचं नाव यादीत तीनदा होतं. एकदा वडिलांनी भरलेलं, एकदा मामाने, एकदा तिने स्वतः. तिन्ही ठिकाणी स्पेलिंग वेगळं, दोन ठिकाणी फोन भारतातला. बसमध्ये बसवताना मोजणाऱ्याला वाटलं दोन मुली मागे राहिल्या. बर्फात उभ्या बसमधून तो माणूस खाली उतरून अर्धा तास न आलेल्या मुली शोधत होता, आणि त्या तिन्ही ‘मुली’ खिडकीपाशी बसल्या होत्या. दुसऱ्या एका मुलाचं घरचं नाव यादीत आणि पासपोर्टवरचं नाव भलतंच. त्याची बस चुकली.

म्हणून नोंदणी मुलीनेच करावी, एकदाच करावी. नाव पासपोर्टवर छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर. तिथला स्थानिक फोन नंबर, होस्टेलचा पूर्ण पत्ता, खोली क्रमांक. ती मैत्रिणीकडे राहायला गेली तर पत्ता त्याच दिवशी बदलायचा. तुम्ही वेगळा अर्ज भरू नका. भरायचाच असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पण ती अमुक एका अडचणीसाठी. मुलीची काळजी वाटते एवढं त्यात लिहून काही पुढे सरकत नाही.

आणि तुमच्याकडे तशी एक नेमकी अडचण आहे: पासपोर्ट.

पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीत. युक्रेनमध्येही कितीतरी मुलांची कागदपत्रं राहण्याच्या परवान्यासाठी कॉलेजकडे किंवा एजंटकडे अडकली होती. पासपोर्ट हातात नसेल तर तिकीट नाही, सीमा नाही, काही नाही. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, असं त्या पुस्तिकेतल्या सूचनांतच छापलेलं असतं. कॉलेज तो कामापुरता घेऊ शकतं, अडवून ठेवू शकत नाही. मुलीने ऑफिसात जाऊन शांतपणे सांगावं: दूतावासाने देश सोडण्याची सूचना दिली आहे, मला पासपोर्ट परत हवा. व्हिसाची फाइल अर्धवट राहील असं ते म्हणतील. राहू दे. मात्र आत्ताचा व्हिसा कुठल्या तारखेपर्यंत चालतो हे तिने तिथेच विचारून घ्यावं, कारण मुदत उलटली असेल तर विमानतळावर अडवतात आणि दंड भरावा लागतो. त्यांनी टोलवलं तर तुमचा तिसरा मेल दूतावासाला जाऊ दे. त्यात मुलीचं नाव, पासपोर्ट क्रमांक, कॉलेजच्या ऑफिसचं नाव, कुठल्या तारखेपासून जमा आहे, मागितल्यावर काय उत्तर मिळालं, एवढंच लिहा. अशा मेलवर अधिकारी फोन उचलू शकतो. ‘आमच्या मुलीला वाचवा’ या मेलवर त्याला काय करावं तेच कळत नाही.

पासपोर्ट खरोखरच मिळाला नाही तर दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो. ते फक्त भारतात येण्यापुरतं, एकदाच चालणारं कागदपत्र आहे. ते मिळण्यात ओळख पटवणं आलं, फोटो आला, दूतावासाच्या गावी जाणं आलं, आणि पुष्कळदा त्या देशाची बाहेर पडायची परवानगीही आली. शांततेत ही दोन-चार दिवसांची धावपळ असते, पण गोळीबारात ती होण्यासारखी नाही. म्हणून पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांचा आणि व्हिसाचा फोटो आजच तिच्याकडून मागवा आणि छापून घरात ठेवा.

कॉलेजच्या गैरहजेरीची तुमची भीती मी हलकी मानत नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम कडक आहेत. परदेशातलं शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं, आणि त्याच संस्थेतली १२ महिन्यांची इंटर्नशिपही हवी. ऑनलाइन शिकलेलं तसंच्या तसं धरत नाहीत, हेही खरं. म्हणून पालक ‘वर्ष जाईल’ या धास्तीने मुलांना थांबवतात. पण दोन आठवडे बुडलेले तास भरून काढता येतात, त्यासाठी नियम आड येत नाही. तिने डीनला लेखी मेल करावा, दूतावासाची सूचना सोबत जोडावी आणि रजा मागावी. तोंडी सांगू नये. उत्तर काहीही येवो, तारीख असलेला कागद तिच्याकडे राहील. युक्रेनहून परतलेल्या मुलांची पुढे फार ओढाताण झाली, तरी सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने त्यांना दुसऱ्या देशातल्या कॉलेजात शिक्षण पुढे चालवायची वाट दिली. ती भांडून मिळवली. जिवंत मुलं होती म्हणून भांडता आलं.

पैशांचं थोडक्यात. सरकारी सुटका फुकटच असते असं धरू नका. ‘गंगा’त विमानाचा खर्च सरकारने केला, पण २०२० च्या, करोनाकाळातल्या ‘वंदे भारत’ विमानफेऱ्यांत प्रवाशांनी तिकीट स्वतः काढलं. अमेरिका अशा वेळी आपल्या नागरिकांकडून पैसे परत करण्याची वचनचिठ्ठी लिहून घेते. जर्मनीने २०२० मध्ये आणलेल्या प्रवाशांकडून भाड्याचा वाटा मागाहून वसूल केला. आपल्याकडे दूतावासात २००९ पासून ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे. हातात खरोखर काही नसलेल्या, अडकलेल्या माणसाला निवारा, औषधोपचार, परतीचं तिकीट त्यातून देता येतं. तुमची मुलगी त्यात बसेल असं मला वाटत नाही, पण तिच्याबरोबर कुणी तसं असेल तर दूतावासाला जरूर सांगा. आणि प्रवास विमा उतरवला असेल तर त्यात युद्ध वगळलेलं आहे का ते वाचा. बहुतेक वेळा वगळलेलं असतं. थेट विमान महाग असेल तर शेजारच्या शांत देशापर्यंत बस किंवा रेल्वे, आणि तिथून विमान, हा हिशेब करून बघा. त्या देशाचा व्हिसा लागतो का ते आधी पाहा. युद्ध पेटल्यावर पोलंडने आपल्या मुलांना व्हिसाशिवाय आत घेतलं, पण ती सवलत युद्धानंतरची होती. आज त्याच सीमेवर व्हिसा मागतील.

‘मी एकटी कशी निघू’ हे तिचं म्हणणं मला सगळ्यात खरं वाटलं. वीस-एकवीस वर्षांची मुलं पळपुटी म्हणवून घ्यायला घाबरतात. माझा भाचाही तेव्हा हेच म्हणाला होता. तिला एकटीला हलवायचा प्रयत्न करण्याऐवजी तुम्ही तिच्या चार-पाच मैत्रिणींच्या आयांना फोन करा. आज संध्याकाळीच. त्याही तुमच्यासारख्याच जाग्या असतील. एका आईने तिकीट काढलं की बाकीच्यांचं धाडस होतं. पाच जणी एका विमानाने आल्या तर कुणी पळून आलं असं होत नाही.

आणि तरीही निघता आलंच नाही तर? तर मग तिने काय करायचं हे तिला ठाऊक हवं. पाठीवरच्या एका पिशवीत कागदपत्रं, रोख स्थानिक पैसे आणि थोडे डॉलर, रोजची औषधं, पॉवर बँक, पाणी, टिकणारं खाणं, उबदार कपडे. चाकाची बॅग नको, ती बर्फात आणि पायऱ्यांवर ओढता येत नाही. रस्त्यावरच्या सैन्याचे, गाड्यांचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, त्यावरून हेर समजून धरतात. दूतावासाचा निरोप आल्याशिवाय सीमेकडे निघायचं नाही. आणि निरोप आला की मात्र थांबायचं नाही. २ मार्च २०२२ ला खारकीव्हसाठी आलेला निरोप तीन ओळींचा होता. पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का या वस्त्यांत संध्याकाळी ६ च्या आत पोचा, गाडी नसेल तर पायी. जवळची वस्ती ११ किलोमीटरवर. भाचा चालत निघाला. त्याच्या गटातला एक जण आधी फोन पूर्ण चार्ज करून येतो म्हणून मागे राहिला, तो दोन दिवसांनी सापडला. पेसोचिनहून बस, मग सीमा, मग रुमानियातलं बुखारेस्ट. तिथे आपले अधिकारी फलक घेऊन उभे होते. भाच्याने मला पहिला फोन केला तो त्या रांगेतून. ‘मावशी, हे आपलं नाव मराठी उच्चारात वाचतायत गं,’ एवढं म्हणाला आणि रडायला लागला. म्हणून सांगते, सरकारवर माझा विश्वास आहे. पण त्या रांगेपर्यंतचे दहा दिवस त्याने स्वतः काढले होते.

तुम्ही घरी बसून करायचं एकच. मुलीशी बोलायच्या दोन वेळा ठरवा आणि मध्ये फोन करू नका. घरातून एकानेच करायचा. तळघरात असताना बॅटरी हाच जीव असतो, आणि आम्ही नातेवाइकांनी ‘जेवलास का’ विचारून विचारून ती संपवली होती. पैसे घेऊन सीमेवर जागा मिळवून देतो म्हणणारे लोक अशा वेळी उगवतात. त्यांना एक रुपया देऊ नका. खरी सूचना दूतावासाच्या अधिकृत पानावर येते, तिथेच पाहा.

आज रात्री बोलाल तेव्हा सुरुवात परिस्थिती कशी आहे इथून करू नका. ती ‘बरी आहे’ म्हणेल. ऑफिस किती वाजता उघडतं ते विचारा, आणि उद्या त्या वेळेला ती दारात उभी असेल असं तिच्याकडून कबूल करून घ्या. पासपोर्ट हातात आला की तिने तुम्हाला त्याचा फोटो पाठवावा, आणि तुम्ही त्याच तासाला तिकीट काढावं. यजमानांना हे पत्र वाचायला द्या.

तिकीट निघालं की मला दोन ओळी लिहा. नाव, गाव, देश काही न लिहिलं तरी मला कळेल.